'डेब्रेक'मध्ये दिवस मोडतो की फुटतो? पहाटेचे इंग्रजी शब्द

अक्षरओळख

मी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात आठवीच्या वर्गाला एक लहानसा उतारा मराठीत उतरवायला दिला होता. त्यातील पहिल्याच वाक्यात 'द डे ब्रोक' असे शब्द होते आणि एका मुलीने त्याचे भाषांतर 'दिवस मोडला' असे केले. तिची आई शेतमजुरी करते. तिच्या घरी हे शब्द रोजच्या वापरातले आहेत, कारण दवाखान्यात किंवा रेशनच्या रांगेत वेळ गेला की दिवस मोडतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. शब्दकोशात तिने 'ब्रेक'चा पहिला अर्थ पाहिला आणि तो आपल्या ओळखीच्या वाक्प्रचाराशी जोडला. त्यात तिचे चुकले असे म्हणायला माझी जीभ रेटली नाही, पण मग 'ब्रेक' म्हणजे नेमके काय, हे तिला सांगताना माझे मलाच समाधान होईना.

घरी येऊन विचार करू लागले, तेव्हा लक्षात आले की इंग्रजीतील हा 'ब्रेक' आपल्या 'तुटणे' किंवा 'मोडणे' यापेक्षा 'फुटणे' या क्रियापदाच्या फार जवळ आहे. आपल्याकडे मडके फुटते तसा अंकुरही फुटतो, पालवी फुटते, गाईला पान्हा फुटतो, आणि पहाटे तांबडे फुटते. आत दडलेले काहीतरी वरचे कवच भेदून बाहेर येते, असा या सर्वांतला समान अर्थ आहे. इंग्रजीतही किनाऱ्यावर लाट 'ब्रेक' होते आणि आपलीही लाट फुटते. भीतीने माणसाला घाम फुटतो, त्यालाही इंग्रजीत हेच क्रियापद आहे, आणि वयात येणाऱ्या मुलाचा आवाज दोन्ही भाषांत फुटतोच. एवढ्या जागी जुळणी दिसल्यावर 'डेब्रेक' म्हणजे दिवसाचे फुटणे, हे मला मनापासून पटले.

जर्मन भाषेत पहाटेसाठी 'टागेसआनब्रुख' असा शब्द आहे आणि त्याच्या पोटातही 'मोडणे, फुटणे' या अर्थाचेच क्रियापद आहे. स्पॅनिश माणूसही पहाट 'फुटली' असेच म्हणू शकतो. म्हणजे ही कल्पना एकट्या इंग्रजीची नव्हे.

तरीही काही गोष्टी मला उलगडत नाहीत. 'डे' आणि 'डॉन' हे शब्द एकमेकांचे कोण लागतात? लागत असतील, तर एकात 'य'चा आणि दुसऱ्यात 'व'चा आवाज कोठून आला? आणि 'डॉन', 'डेब्रेक', 'सनराइज', 'ट्वायलाइट' हे शब्द एकाच वेळेची नावे आहेत की वेगवेगळ्या वेळांची? ज्यांना या शब्दांचा इतिहास ठाऊक आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. मला ते सोमवारी वर्गात सांगायचे आहे.

टिपणवही

बाई, तुमच्या विद्यार्थिनीमुळे फार चांगला विषय निघाला. 'डे' आणि 'डॉन' यांच्यापासून सुरुवात करतो, कारण ही दोन्ही एकाच घरातील भावंडे आहेत.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण अकराव्या शतकापर्यंतच्या इंग्रजीत, दिवसाला 'डॅय' असा काहीसा उच्चार असलेला शब्द होता आणि तो लिहिताना शेवटी 'ग'चे अक्षर येत असे. याच शब्दापासून 'दिवस होणे, उजाडणे' या अर्थाचे 'डागियान' हे क्रियापद झाले होते. ते 'ग'चे अक्षर दोन्हीकडे सारखे असले, तरी त्याचा उच्चार शेजारच्या स्वरांप्रमाणे बदलत असे. एका शब्दात तो 'य'कडे झुकला आणि त्यातून आजचा 'डे' आला. दुसऱ्या शब्दात तो घशातून घासत निघणारा 'ग' राहिला, पुढे त्याचा 'व' झाला आणि 'उजाडणे' या अर्थाचे 'डॉ' हे क्रियापद तयार झाले. 'लॉ' आणि 'ड्रॉ' या शब्दांतही असाच जुना 'ग' बुजलेला आहे. स्कॉटलंडच्या बोलीत 'डॉ' हे क्रियापद पुढेही बराच काळ टिकून राहिले.

आता 'न' कोठून आला ते पाहू. उजाडण्याच्या क्रियेला जुन्या इंग्रजीत 'डागुंग' म्हणत, त्याचे पुढे 'डॉइंग' झाले. इ. स. १३०० च्या सुमारास त्याच्या शेजारी 'डॉनिंग' हे रूप दिसू लागते. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागात डेन्मार्ककडील लोक स्थायिक झाले होते आणि त्यांच्या भाषेत 'डागनिंग'सारखा शब्द होता, म्हणून हा 'न' त्यांच्या संगतीने आला असावा, असे अभ्यासक मानतात. डॅनिश आणि स्वीडिश भाषांत पहाटेसाठी 'डागनिंग' हा शब्द आजही आहे.

यापुढचा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो. 'डॉनिंग' रुळल्यावर लोकांनी त्याचे शेपूट काढून 'डॉन' हे क्रियापद बनवले. ते इ. स. १५०० च्या आसपास दिसते, आणि पहाटेचे नाव म्हणून 'डॉन' हा शब्द तर सोळाव्या शतकाच्या अगदी अखेरीस येतो. 'एडिटर' या नामातून 'एडिट' हे क्रियापद मागाहून काढले गेले, तसाच हा प्रकार आहे. याचा अर्थ असा की, इंग्रज माणूस कित्येक शतके 'उजाडते आहे' असे म्हणत होता, पण 'डॉन' नावाची एखादी स्वतंत्र वस्तू किंवा वेळ त्याच्या भाषेत नव्हती. 'डेब्रेक' हा जोडशब्द सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातला आहे आणि त्याच्याही आधी दिवस 'फुटतो' हे वाक्य होते. आधी घटना आणि मग तिचे नाव, असा क्रम येथे स्पष्ट दिसतो. आपलेही 'उजाडले', 'फटफटले', 'तांबडे फुटले' हे शब्द क्रियापदेच आहेत, म्हणून मराठी माणसाला हा क्रम समजायला जड जाऊ नये.

खाडीकाठ

बाईंनी शेवटी विचारले आहे की, हे शब्द एकाच वेळेचे आहेत का? माझी २२ वर्षे व्यापारी जहाजांवर गेली आणि त्यातील बरीच वर्षे मी पहाटे चार ते आठचा पहारा केला. त्या कामात या शब्दांमधला फरक कळीचा असतो.

सूर्याच्या बिंबाची वरची कड क्षितिजावर दिसली की तो 'सनराइज'. त्या क्षणी बिंबाचा मध्य प्रत्यक्षात क्षितिजाच्या सुमारे ५० कला (६० कला म्हणजे एक अंश), म्हणजे एका अंशाहून थोडा कमी, खालीच असतो. त्यातील ३४ कला हवेतून वाकणाऱ्या प्रकाशामुळे आणि १६ कला बिंबाच्या त्रिज्येमुळे धरल्या जातात. त्याआधीच्या उजेडाला 'ट्वायलाइट' म्हणतात आणि त्याच्या तीन पायऱ्या ठरलेल्या आहेत. सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर आला की खगोलशास्त्राची पहाट सुरू होते, १२ अंशांवर खलाशांची आणि ६ अंशांवर नागरी व्यवहाराची. इंग्रजीत या तिन्ही क्षणांना 'डॉन' हाच शब्द लावतात आणि त्याच्या मागे विशेषण जोडतात.

मधल्या पायरीला खलाशांचे नाव का मिळाले, ते ब्रिजच्या, म्हणजे जहाज हाकण्याच्या खोलीच्या, बाजूच्या उघड्या पंखावर उभे राहिल्याशिवाय नीट कळत नाही. तारे पाहून जहाजाची जागा काढायची, तर सेक्स्टंटमधून, म्हणजे ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजण्याच्या उपकरणातून, तारा दिसला पाहिजे आणि त्याच वेळी समुद्राची रेघही स्वच्छ दिसली पाहिजे. काळोख असेल तर तारे असतात पण क्षितिज नसते, आणि उजेड झाला की क्षितिज असते पण तारे विरून गेलेले असतात. दोन्ही एकत्र मिळतात अशी वेळ विषुववृत्ताजवळ जेमतेम २० ते २५ मिनिटांची असते. कोणता तारा कोठे सापडेल, याचा हिशेब मी आधीच कागदावर मांडून ठेवत असे. पूर्वेकडचे तारे प्रथम पुसले जातात, म्हणून ते आधी घ्यायचे आणि पश्चिमेकडचे शेवटी. जीपीएस आल्यानंतरही आमच्या कप्तानांनी ही सवय मोडू दिली नव्हती. मला 'डॉन' हा शब्द ऐकला की अजूनही आधी ती करडी, नुकतीच उमटलेली रेघ दिसते.

दिवेलागण

'ट्वायलाइट'मधील 'ट्वाय' म्हणजे आपले 'द्वि' असे मी वाचले होते, ते बरोबर आहे का? तसेच 'डे' आणि 'दिवस' हे शब्द तर उघडच एक दिसतात. रोमन लोकांची पहाटेची देवी 'ऑरोरा' आणि आपली उषा या दोघी एकच आहेत, असेही ऐकले आहे. जाणकारांनी खात्री करून द्यावी.

टिपणवही

तुमच्या तीन विधानांपैकी दोन खरी आहेत आणि जे सर्वांत उघड वाटते तेच टिकत नाही.

'ट्वाय' आणि 'द्वि' हे एकाच मुळाचे आहेत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस आढळणाऱ्या या शब्दात 'दोन उजेड' अभिप्रेत होते, 'अर्धा उजेड' की 'दोहोंच्या मधला उजेड', हे निश्चित झालेले नाही. आपल्या 'संधिप्रकाश' या शब्दाने त्यातील शेवटची कल्पना उचलली आहे. बोलीत 'ट्वायलाइट' म्हटले की आज बहुधा संध्याकाळ डोळ्यांपुढे येते, पण खाडीकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे शास्त्रात तो दोन्ही वेळांना लागू आहे.

ऑरोरा आणि उषा यांचे नाते अगदी पक्के आहे. लॅटिन भाषेत दोन स्वरांच्या मधला 'स' हा 'र' होत असे. फुलाला 'फ्लोस' आणि त्याच्या षष्ठीला 'फ्लोरिस' म्हणतात, ते याच नियमाने. तोच नियम उलटा लावून पाहिला की 'ऑरोरा'च्या मागे 'औसोसा' असे जुने रूप उभे राहते, आणि ते संस्कृत 'उषस्', ग्रीक 'एओस' आणि लिथुआनियन 'औश्रा' यांच्या शेजारी ठेवता येते. ऋग्वेदात उषेला उद्देशून सुमारे २० सूक्ते आहेत. इंग्रजीने 'ऑरोरा' हा शब्द लॅटिनमधून उसना घेतला, परंतु त्याच मुळाचा तिचा स्वतःचा शब्दही तिच्याजवळ होता, आणि तो म्हणजे 'ईस्ट'. जिकडे उजाडते ती दिशा, असा त्याचा अर्थ आहे. आपणही पूर्वेला उगवत म्हणतोच. 'ईस्टर'चा संबंधही येथेच जोडतात. बीड या इंग्लंडमधील भिक्षूने इ. स. ७२५ मध्ये लिहिले की, ईस्टरच्या महिन्याचे जुने नाव 'एओस्ट्रे' नावाच्या देवीवरून पडले. ती पहाटेची देवी होती असे मात्र बीड म्हणत नाही. तो दुवा जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८३५ मध्ये शब्दाच्या रूपावरून जोडला, एवढे भान ठेवावे.

आता 'डे' आणि 'दिवस'. संस्कृतात व लॅटिनमध्ये जेथे 'द' असतो, तेथे इंग्रजीत 'ट' यायला हवा. 'द्वि'च्या जागी 'टू', 'दश'च्या जागी 'टेन' आणि 'दंत'च्या जागी 'टूथ' आहे. त्यामुळे 'दिवस'चा खरा सोयरा 'ड'ने सुरू होऊच शकत नाही. तो इंग्रजीत आहे, पण 'ट्यूझडे'च्या पहिल्या भागात! तेथे 'टीव' नावाचा जुना देव बसला आहे आणि 'देव', 'दिवस', लॅटिन 'दिएस' यांचे मूळ आणि त्याचे मूळ एकच, म्हणजे 'प्रकाशणे'. 'डे' मात्र वेगळ्या मुळाचा आहे. ते मूळ 'जळणे' या अर्थाचे असावे असे एक वजनदार मत आहे, आणि ते खरे असेल तर 'डॉन'चे नाते आपल्या 'दाह' या शब्दाशी लागते.

पाऊलखुणा

मी १५ वर्षे लंडनमध्ये राहतो. येथील पहाट आपल्या पहाटेसारखी फुटत नाही, ती रेंगाळते. मुंबईत नागरी पहाटेपासून सूर्योदयापर्यंत २३-२४ मिनिटे लागतात, लंडनमध्ये जूनच्या मध्यास त्याच अंतराला पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो, कारण सूर्य क्षितिजावर तिरका चढतो. त्या दिवसांत तो मध्यरात्रीही क्षितिजाखाली १५ अंशांच्या आसपासच असतो, म्हणजे खगोलशास्त्राच्या हिशेबाने पूर्ण रात्र होतच नाही. अशा ठिकाणी अर्धवट उजेडासाठी इतके शब्द का लागले असतील, हे येथे आल्यावर मला उमगले.

आणखी एक निरीक्षण. फ्रेंच लोक पहाटेला 'ओब' म्हणतात आणि तो शब्द 'पांढरी' या अर्थाच्या लॅटिन 'आल्बा'वरून आला आहे. प्रेमिकांच्या पहाटेच्या ताटातुटीच्या गीताला 'ओबाद' म्हणतात, ते त्यावरूनच. त्यांना पहिला उजेड पांढरा दिसला आणि आपल्याला तांबडा.

रात्रपाळी

मी रुग्णालयात परिचारिका आहे. या चर्चेत एका विसरलेल्या शब्दाची भर घालावीशी वाटते. उजाडण्याच्या आधीचा जो रात्रीचा शेवटचा भाग असतो, त्याला जुन्या इंग्रजीत 'ऊख्ता' असा स्वतंत्र शब्द होता. इंग्लंडमधील एक्सेटर येथील कॅथीड्रलमध्ये दहाव्या शतकातले एक हस्तलिखित जपून ठेवले आहे. त्यातील एका कवितेत, पती समुद्रापलीकडे निघून गेलेली एक स्त्री म्हणते की, तो कोठे असेल या विचाराने मला 'ऊख्तचॅआरू' लागली होती. या जोडशब्दाचा दुसरा भाग म्हणजे आजच्या 'केअर'चे जुने रूप. पहाटेपूर्वी जाग येऊन अंथरुणात पडल्या पडल्या वाटणारी काळजी, असा त्याचा अर्थ होतो. त्या कवितेखेरीज हा शब्द अन्यत्र सापडत नाही, असे सांगतात.

चार वाजता अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेले नातेवाईक मी रोज पाहते. ते कोणाशी बोलत नाहीत, मोबाइलही पाहत नाहीत. फक्त आतले दार उघडले की एकदम उठून उभे राहतात. इंग्रजीने हा शब्द टाकून दिला याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण त्या वेळेला आजच्या इंग्रजीत नाव उरलेले नाही.

साक्षीदार

कायद्यातही या शब्दांवर माणसाचे प्राण अवलंबून असत. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात रात्रीची घरफोडी हा देहदंडाचा गुन्हा होता, म्हणून रात्र कोठे संपते हे ठरवणे भाग होते. इंग्रज कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोन यांनी इंग्लंडच्या कायद्यांवरील आपल्या 'कॉमेंटरीज' या ग्रंथाच्या १७६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात त्याची कसोटी नोंदवली आहे. माणसाचा चेहरा ओळखता येईल इतका दिवसाचा उजेड किंवा 'क्रेपस्क्युलम' असेल, तर तो गुन्हा रात्रीच्या घरफोडीत मोडत नाही. चांदण्यात चेहरा ओळखता आला तरी ते धरायचे नाही, असेही त्यांनी पुढे स्पष्ट केले आहे. 'क्रेपस्क्युलम' हा संधिप्रकाशाचा लॅटिन शब्द आहे आणि रोमन विद्वान वारो याने त्याचा संबंध 'संशयास्पद, अनिश्चित' या अर्थाच्या शब्दाशी जोडला होता. ज्या उजेडात समोरचा माणूस कोण याचा संशय येतो, त्याच उजेडाला न्यायालयाने चेहऱ्याची कसोटी लावावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

आपल्याकडे १८६० च्या भारतीय दंड संहितेने चेहऱ्याची ही कसोटी घेतली नाही. कलम ४४६ मध्ये सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी ती रात्रीची, अशी सरळ व्याख्या केली. वकिली करताना आम्हाला साक्षीदाराला 'झुंजुमुंजु म्हणजे किती वाजता' असे मात्र विचारावेच लागते.

दिवेलागण

टिपणवही, 'दिवस'चा सोयरा मंगळवारात सापडेल असे स्वप्नातही वाटले नव्हते. आभारी आहे. 'मॅटिनी' या शब्दाचाही पहाटेशी संबंध आहे का? चित्रपटगृहात तर तो खेळ दुपारी बाराच्या सुमारास असे.

टिपणवही

आहे. रोमन लोकांची 'मातुता' ही पहाटेची आणखी एक देवी होती. ११ जून रोजी तिचा उत्सव होत असे. तिच्या नावाशी जोडलेल्या विशेषणातून फ्रेंच 'मातँ', म्हणजे सकाळ, हा शब्द आला आणि त्यापासून 'मातिने' म्हणजे सकाळचा सारा वेळ. दिवसाउजेडी होणाऱ्या खेळाला इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात हे नाव दिले आणि खेळाबरोबर ते नाव दुपारकडे सरकत गेले. चर्चमधील पहाटेच्या प्रार्थनेला 'मॅटिन्स' म्हणतात, तेथे मूळ वेळ अजून टिकून आहे.

अक्षरओळख

सर्वांची मनापासून ऋणी आहे. सोमवारी वर्गात फळ्यावर एका बाजूला अंकुर, लाट, घाम, आवाज आणि तांबडे असे पाच शब्द लिहिले आणि मुलांना एकच क्रियापद सुचवायला सांगितले. 'फुटणे' हे उत्तर चौघा-पाच जणांनी एकदम दिले. मग शेजारी 'डे' लिहिला. त्या मुलीने वहीतले आपले वाक्य खोडले नाही, त्याच्या खाली 'दिवस फुटला' असे दुसरे वाक्य लिहिले आणि मीही ते तसेच राहू दिले.

तास संपताना तिने मला एक प्रश्न विचारला आणि तो येथे मांडल्यावाचून राहवत नाही. आम्ही वर्गात 'द सन राइजेस' असे शिकवतो, एकवचनी कर्त्यामागे क्रियापदाला 'एस' लावायचा, हे त्यांच्या कानीकपाळी ओरडतो. मग 'सनराइज' या शब्दात तो 'एस' का नाही? मी तिला सांगितले की ते नाम आहे. तिने मान डोलावली, पण तिचे समाधान झालेले दिसले नाही.

टिपणवही

तिचे समाधान झाले नाही हे उत्तमच झाले, कारण तिने ज्या जागेवर बोट ठेवले आहे त्याच जागेवर अभ्यासकांनीही ठेवले आहे. पंधराव्या शतकात 'सनराइज' हा शब्द दिसू लागतो. त्याआधी 'सनरायझिंग' असा क्रियेचे नाव सांगणारा शब्द होता. जुन्या इंग्रजीत 'सूर्य उगवण्यापूर्वी' असे म्हणायचे असेल, तर घटना अजून घडलेली नसल्यामुळे क्रियापदाचे विध्यर्थासारखे वेगळे रूप वापरत, आणि त्या रूपाला 'एस' किंवा त्या काळचा 'थ' हा प्रत्यय लागत नसे. 'बिफोर द सन राइज', म्हणजे 'सूर्य उगवावा त्याच्या आधी'. पुढे ते वेगळे रूप बोलण्यातून मागे पडले. मग ऐकणाऱ्यांना 'सन राइज' हे वाक्य न वाटता एकच नाम वाटू लागले असावे, अशी उपपत्ती मांडली जाते.

म्हणजे तुमच्या विद्यार्थिनीला 'सनराइज'मध्ये जे क्रियापद दिसले, ते तेथे एकेकाळी खरोखर असण्याची बरीच शक्यता आहे. तिला हे अवश्य सांगा, आणि पुढचा प्रश्न तिने काय विचारला तेही येथे कळवा.